एक्सलेटर पूर्ण पिळला की गाडी दम का सोडते?

पहाटे जाधववाडीच्या बाजार समितीतून माल उचलून औरंगपुऱ्याकडे निघालेल्या भाजीवाल्यांच्या मोपेड पाहाव्यात. मागे दोन पोती, पायाशी कोथिंबिरीचं गाठोडं, हँडलला पिशव्या, आणि हे सगळं ओढणारं इंजिन जेमतेम 50 ते 70 सीसीचं. मोठी मोटरसायकल शहरात क्वचितच पूर्ण थ्रॉटलवर जाते, पण या गाड्यांचा निम्मा प्रवास तसाच होतो. त्यामुळे एक तक्रार कायम ऐकू येते: अर्ध्या एक्सलेटरला मस्त पळते, पूर्ण पिळला की भकभक करून बसते.

आपल्या भागाला या यंत्राची ओळख जुनी आहे. शेजारच्या अहमदनगरातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून, कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली पायडलची लुना रस्त्यावर आणली. 1980 मध्ये दोघांना नेणारी टीव्हीएस 50 आली. लुना, टीव्हीएस, जुनी एक्सएल सुपर ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं, आणि त्यातली बरीच अजून कामावर आहेत. त्यांच्या दुखण्यांबद्दलचे काही समज मात्र गाडीवाल्याच्या खिशाला चाट लावतात.

‘दम सोडते म्हणजे पिस्टन-रिंग गेले’

सगळ्यात महागडा गैरसमज हाच. झिजलेलं इंजिन सगळीकडेच अशक्त असतं. ते गरम असताना सुरू व्हायला त्रास देतं, अर्ध्या थ्रॉटललाही ओढत नाही, किक मारताना पायाला विरोध जाणवत नाही. अर्ध्यापर्यंत खणखणीत चालून फक्त शेवटच्या टप्प्यात बसणारी गाडी वेगळं काही सांगत असते.

कार्बोरेटरचं काम टप्प्याटप्प्यांत वाटलेलं असतं. आयडलिंगला पायलट जेट पेट्रोल देतो. थोडा एक्सलेटर दिला की स्लाइडचा कापलेला काठ काम करतो, पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत सुई, आणि पाऊणपासून पूर्णपर्यंत मेन जेट. त्यामुळे बिघाड फक्त वरच्या टोकाला असेल तर पहिला संशय मेन जेटवर आणि तिथवर पोहोचणाऱ्या पेट्रोलवर घ्यायचा, सिलिंडरवर नाही. इंजिन खोलायला सांगण्याआधी हे तपासायला पाना-स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

एक साधी परीक्षा घरी करता येते. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण एक्सलेटरला गाडी बसायला लागली की चोक किंचित ओढायचा. गाडीने उचल घेतली, तर तिला पेट्रोल कमी पडत होतं. आणखी गुदमरली, तर पेट्रोल आधीच जास्त होतं किंवा हवा कमी. एक्सलेटर जरा मागे घेताच गाडी सावरत असेल, तर तीही बहुधा पेट्रोलच्या टंचाईचीच खूण असते.

‘पाइप काढला तर पेट्रोल येतंय, म्हणजे पुरवठा ठीक आहे’

येतंय, पण किती? लिटरला 40 किलोमीटर देणारी लादलेली गाडी ताशी 40 च्या वेगाने जात असेल, तर तिला तासाला 1 लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 17 मिली पेट्रोल लागतं. चढावर यापेक्षाही जास्त. पाइपातून थेंब थेंब गळणारं पेट्रोल आयडलिंगला पुरतं, भरल्या गाडीला नाही. कॉक उघडून पाइप बाटलीत सोडावा आणि मिनिटभर मोजावं. सलग धार पडून बाटलीत 100 मिलीच्या पुढे पेट्रोल आलं तर पुरवठा निर्धास्त. धार सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू बारीक होत गेली, तर टाकीच्या झाकणाकडे पाहा.

त्या झाकणात हवेचं बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा तिथून आत यावी लागते. आपल्याकडची धूळ आणि तेलकट मळ त्यात बसला की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल अडतं. याचं लक्षण हमखास ओळखू येतं: गाडी काही मिनिटं पूर्ण वेगात जाते, मग दम सोडते, कडेला थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठणठणीत. अशी गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडायचं. सूं असा आवाज आला तर दोष सापडला. टाचणीने छिद्र मोकळं करण्याच्या कामासाठी लोक प्लग, कॉइल आणि कधी कधी पिस्टनही बदलून घेतात, याचं वाईट वाटतं. झाकण बरं निघालं तर कॉकची जाळी आणि फ्लोटच्या वाटीतला गाळ पाहावा. वाटीतल्या पाण्याचा एक थेंब मेन जेटच्या तोंडाशी जाऊन बसला तरी वरचा दम जातो.

‘जेट तारेने साफ केला, थोडा मोठाही केला, आता पिकअप वाढेल’

मेन जेट पितळेचा, मऊ. त्यातून सुई किंवा लोखंडी तार फिरवली की भोक रुंदावतं. 0.70 मिलिमीटरचं भोक 0.75 झालं, तर फरक डोळ्याला दिसणारही नाही, पण क्षेत्रफळ जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढतं. मग गाडी काळा धूर सोडते, वरच्या वेगात अडखळते, आणि दोष पुन्हा ‘इंजिनात’ शोधला जातो. जेट पेट्रोलने धुऊन हवेने फुंकावा. तार वापरायचीच झाली तर वायरीतला एखादा तांब्याचा केस पुरे. बदलायचा असेल तर कोरलेला नंबर पाहून तोच, किंवा कारण असेल तर एक नंबर पुढचा.

तसं कारण आता खरोखर आहे. 2025 पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण त्यामुळे सुमारे 8 टक्के पातळ होतं. शिवाय जुने रबरी पाइप आणि वॉशर त्यात फुगतात. पण सगळं खापर इथेनॉलवर फोडणंही चूक. त्याचा परिणाम गाडी जरा मंदावण्यात दिसतो. चालती गाडी एका क्षणी बसत असेल तर अडथळा दुसरीकडे शोधावा.

‘ऑईल जास्त घातलं की इंजिन टिकतं’

हा काळजीपोटी झालेला गैरसमज आहे. लिटरला 20 मिली ऑईल म्हणजे 50 ला 1 हे प्रमाण. आपल्या गाडीचं नेमकं प्रमाण तिच्या पुस्तकात असतं. 20 च्या जागी 60 मिली घातलं तर त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल सुमारे 4 टक्क्यांनी घटतं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. न जळलेलं ऑईल काजळी होऊन सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवर आणि सायलेन्सरच्या नळीत थापलं जातं. टू-स्ट्रोकला श्वास सोडायला तोच एक मार्ग. तो तुंबला की इंजिन आयडलिंगला नीट राहतं आणि वर गुदमरतं.

उपाय म्हणून सायलेन्सरची आतली नळीच काढून टाकणारे भेटतात. आवाज वाढतो, ताकद नाही. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये रोखून धरायला मदत करते. ती रचना मोडली की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. काजळी खरवडावी, नळी जागेवर ठेवावी. एअर फिल्टरचंही तसंच. धुतल्याने फायदा होतो, काढून टाकल्याने मिश्रण बिघडतं आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

‘प्लगला ठिणगी पडतेय ना!’

प्लग बाहेर काढून हेडला टेकवून किक मारली की निळी ठिणगी दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. पण ती ठिणगी मोकळ्या हवेतली. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि पूर्ण थ्रॉटलला सिलिंडर सर्वाधिक भरलेला असल्याने तिथे हा दाब कमाल असतो. थकलेली कॉइल, चिरलेली प्लग कॅप किंवा झिजून मिलिमीटरभर झालेली प्लगची फट नेमकी तिथेच हार मानते. बहुतेक मोपेडना 0.6 ते 0.7 मिलिमीटरची फट पुरते. जुन्या लुनाचे पॉइंट जळालेले असतील तर तेही पाहावेत.

प्लगचा रंग पाहतानाही घाई होते. गल्लीतून हळूहळू चालवत आणलेल्या गाडीचा प्लग काळा दिसला तर ती आयडलिंगची हकीकत झाली. पूर्ण एक्सलेटरवर असताना इंजिन बंद करून तिथेच प्लग काढला, तरच वरच्या टप्प्याचं काही कळतं. विटकरी-तपकिरी चांगला, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी.

इंजिनचा आवाज चढतो आणि वेग वाढत नाही, तर मात्र वरचं काहीच लागू नाही. तिथे क्लच सरकतोय. आणि चाक उचलून हाताने फिरवल्यावर मोकळं फिरत नसेल तर ब्रेक धरलेला आहे.

‘चालतेय तोवर चालवू’

फोर-स्ट्रोक गाडीबाबत हे एक वेळ खपून जाईल. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारं ऑईल पेट्रोलबरोबरच येतं. वर पेट्रोल कमी पडतं तेव्हा ऑईलही कमी पडतं, मिश्रण पातळ असल्याने उष्णता वाढते, आणि हे सगळं पूर्ण वेगात घडत असतं. मे महिन्यात दौलताबादचा घाट चढताना, चाळिशीच्या पाऱ्यात, असं इंजिन पाहता पाहता जाम होतं. मग खरंच बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावं लागतं. त्या वेळी मिस्त्रींना आवर्जून सांगावं की झाकण, कॉक आणि जेटही आजच तपासा. कारण जुना तुंबलेला कॉक तसाच राहिला, तर नवं पिस्टनही त्याच घाटात जाम होतं.