व्यसन की आणखी काही?

अश्लील चित्रफितींचा विषय आपल्याकडे चारचौघांत निघत नाही. घरात मात्र त्यावरून भांडणे होतात. नवऱ्याच्या मोबाईलमध्ये तसले काही सापडले की "याला व्यसन लागले" असा निकाल लागतो. या शब्दावर तज्ज्ञांचेच एकमत नाही.

वाद जुना आहे. अशा साहित्यामुळे गुन्हे घडतात याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षीय आयोगाने 1970 साली सांगितले. निक्सन यांनी तो अहवाल फेटाळला. 1986 च्या मीस आयोगाने, विशेषतः हिंसक चित्रणाबाबत, उलट मत दिले.

पुढे इंटरनेट आले आणि चर्चा मेंदूकडे वळली. बर्लिनच्या संशोधकांनी 64 पुरुषांच्या मेंदूंची तपासणी करून 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जास्त वेळ पाहणाऱ्यांच्या मेंदूचा एक भाग लहान आढळला. परंतु पाहण्यामुळे तो लहान झाला, की मुळात लहान असणारेच जास्त पाहतात, हे त्यावरून ठरत नाही. विद्यार्थी मित्रांनी हा फरक ध्यानात घ्यावा. बातम्यांत तो गळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तनाचा विकार आहे. पण तो व्यसनांत नव्हे, आवेग न आवरण्याच्या विकारांत. सहा महिने किंवा अधिक काळ स्वतःला आवरता न येणे आणि त्यापायी घर, प्रकृती, कामधंदा यांची हेळसांड होणे, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. केवळ "आपण पाप करतो" या टोचणीवरून निदान करू नये, असेही तेथे म्हटले आहे. हे कलम मला फार मोलाचे वाटते. जोशुआ ग्रब्स या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनानुसार, स्वतःला व्यसनी समजणे हे केवळ किती पाहिले यावर अवलंबून नसते; ज्यांना ते नीतीविरुद्ध वाटते त्यांच्यात ही भावना अधिक आढळते.

म्हणून पत्नीचे दुःख खोटे ठरत नाही. तिला लपवाछपवी बोचते, पडद्यावरच्या बाईशी झालेली तुलना बोचते. नवऱ्याला "व्यसनी" म्हटले की "माझा इलाज नाही" म्हणण्याची त्याला सोय होते. "सगळेच बघतात" म्हटले की तिचे म्हणणे उडवले जाते. दोन्हीकडून बोलणे खुंटते. त्यापेक्षा सरळ विचारावे: थांबवायचे ठरवून थांबवता येते का? झोप, पैसा, नोकरी यांवर परिणाम होतो का? तसे असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, दारू सोडवणाऱ्या बाबाकडे नव्हे. तसे नसेल, तर लपवले का आणि जवळीक का आटली, हे दोघांनी बसून बोलायचे आहे.