मृत्यूबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा : कायदेशीर अटींचे स्वरूप

प्रास्ताविक

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घरातील कमावती व्यक्ती मरण पावल्यास कुटुंबीयांचे लक्ष प्रामुख्याने फौजदारी खटल्याकडे लागते. तथापि, दोषी व्यक्तीस शिक्षा झाली तरी अवलंबितांचे आर्थिक नुकसान भरून निघतेच असे नाही. त्यासाठी स्वतंत्र दिवाणी दावा करावा लागतो. इंग्लंडमध्ये १८०८ च्या बेकर विरुद्ध बोल्टन या निवाड्यानुसार माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी भरपाई मागता येत नसे. १८४६ च्या लॉर्ड कॅम्पबेल कायद्याने हा अडसर दूर केला व त्याच धर्तीवर भारतात प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ अस्तित्वात आला. हा हक्क कायद्यानेच निर्माण केलेला असल्यामुळे त्याच्या अटींना विशेष महत्त्व आहे.

दाव्याच्या अटी

पहिली अट म्हणजे मृत्यू हा प्रतिवादीच्या गैरकृत्यामुळे, हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेला असावा. आणि मृत व्यक्ती जिवंत राहिली असती तर तिला स्वतःला भरपाई मागता आली असती, अशी ती कसूर असावी. हयगय सिद्ध करण्याचा भार सामान्यतः वादीवर असतो. मात्र दिल्लीतील चांदणी चौकातील घड्याळ मनोरा कोसळल्याच्या प्रकरणात (दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती, १९६६) सर्वोच्च न्यायालयाने घटनाच हयगय सूचित करते, हे तत्त्व लागू केले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, तर त्यात वापरलेल्या चुन्याचा विचार करता त्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच होते.

दुसरी अट लाभार्थींविषयी आहे. पती, पत्नी, आईवडील व अपत्ये यांच्यासाठीच दावा करता येतो. आजीआजोबा, नातवंडे व सावत्र अपत्ये यांचा त्यात समावेश होतो. भावाबहिणींचा होत नाही. मोटार अपघातांसाठी वेगळा कायदा व स्वतंत्र न्यायाधिकरण असून, तेथे भावासही वारस म्हणून दावा करता येतो, असा निर्णय १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

तिसरी अट अशी की, दावा मृताच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक, मिळकतीचा प्रशासक किंवा प्रतिनिधी यांनी दाखल करावा. एका मृत्यूबद्दल एकच दावा करता येतो. म्हणून वादपत्रात सर्व लाभार्थींचा तपशील द्यावा लागतो. मृताच्या मिळकतीचे झालेले नुकसानही त्याच दाव्यात मागता येते. परंतु एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही.

मुदतीचा प्रश्न

मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ८२ नुसार मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत दावा दाखल होणे आवश्यक आहे. विलंब माफीचे कलम ५ दाव्यांना लागू नाही. फौजदारी खटला प्रलंबित आहे, एवढ्याच कारणाने ही मुदत थांबत नाही. प्रतिवादी शासन असल्यास सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची पूर्वसूचनाही द्यावी लागते.

समारोप

फौजदारी निकालाची वाट पाहण्यात दोन वर्षे निघून गेल्यास पुरावा भक्कम असूनही भरपाईचा हक्क हातचा जातो. विधी साक्षरतेच्या उपक्रमांत या मुदतीची माहिती अग्रक्रमाने दिली जाणे म्हणूनच अगत्याचे ठरते.