मालगाडीचा शेवटला डबा

आगगाडीचें कौतुक बहुधा इंजिनापाशीं सुरू होतें आणि इंजिनापाशींच संपतें. घरांत लहान आगगाडी आणली, कीं मुलें प्रथम इंजिन उचलतात आणि वडील माणसेंही तेंच करतात. परंतु या छंदाची ज्यांना खरी गोडी लागली, त्यांच्यांत एक वर्ग असा आहे, कीं तो गाडीच्या अगदीं उलट्या टोकाकडे पाहतो. मालगाडीच्या शेवटल्या डब्याच्या, म्हणजे गार्डाच्या डब्याच्या, प्रतिकृति जमवावयाच्या आणि त्या स्वतःच्या हातानें आपल्या मनासारख्या करावयाच्या, हा त्यांचा छंद. अमेरिकेंत या डब्याला 'कबूस' म्हणतात. आपल्याकडे त्याला ब्रेकव्हॅन असें नांव आहे. चाळीसगांवासारख्या जंक्शनच्या गांवीं हा डबा कोणाला नवा नाहीं. मुंबई-भुसावळ मार्गावर हें गांव आहे, आणि १९०० सालीं येथूनच धुळ्याला फांटा निघाला.

प्रथम हा डबा कशासाठीं होता, तें पाहूं. जुन्या मालगाडीला सर्व डब्यांतून जाणारा सलग ब्रेक नसे. गाडी आवरावयाची ती पुढून इंजिनानें आणि मागून गार्डानें हातानें चाक फिरवून. कसारा व इगतपुरी यांच्यामधील थळ घाटांत चढ सदतिसास एक असा आहे. अशा ठिकाणीं सांखळी तुटली आणि मागचे डबे सुटले, तर त्यांना धरून ठेवणारा हाच एक डबा असे. पुढें सलग ब्रेक आले, तरी दुसरें काम उरलेंच. या डब्यामागें 'शेवटचें वाहन' या अर्थाची दोन इंग्रजी अक्षरें लिहिलेली पाटी असते आणि रात्रीं तांबडा दिवा असतो. स्टेशनांतून गाडी जातांना ही खूण दिसली, म्हणजे गाडी संपूर्ण आली. वाटेंत एकही डबा राहिला नाहीं. ती खूण दिसेपर्यंत मागच्या गाडीला वाट देतां येत नाहीं. सारांश, इंजिन गाडी नेतें खरें, पण गाडी पोहोंचल्याची साक्ष हा डबा देतो.

संग्राहकानें पहिला विवेक करावयाचा तो देशादेशांतील भेदाचा. परदेशी दुकानांत विपुल मिळतो तो अमेरिकन कबूस. त्याच्या छपरावर कांचांचा लहानसा मनोरा असतो. त्यांत बसून नोकर पुढच्या डब्यांवर नजर ठेवीत आणि एखाद्या आंसाला तापून धूर येतो कीं काय, तें पाहत. पुष्कळ कबुसांत शेगडी व निजण्याच्या फळ्या असत, कारण कित्येक दिवसांचा संसार त्यांतच चाले. आपल्या ब्रेकव्हॅनला मनोरा नाहीं. मधें खोली आणि दोन्ही टोकांना उघडा सज्जा. गार्ड बहुधा एकटाच. लोखंडी पेटी, पाण्याचें भांडें, दिवा आणि हिरवीं-तांबडीं निशाणें हाच त्याचा परिवार. मनोऱ्याचा डबा केळ्यांच्या किंवा कापसाच्या गाडीमागें जोडला, तर तो कितीही सुंदर असो, परक्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. या छंदांत सर्वांत रूढ प्रमाण सत्त्याऐंशीस एक हें आहे. आठ मीटर लांबीचा डबा या मापांत ९२ मिलिमीटर भरतो. म्हणजे टोकाला टोक लावून ठेवलेल्या दोन आगपेट्यांहून थोडा कमी. पण बाजारांतील रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असतें आणि तें युरोप-अमेरिकेंतील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गावरून घेतलेलें आहे. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा, म्हणजे साडेपांच फुटांचा. त्याचें अंतर १९.३ मिलिमीटर हवें. डबा बाजूनें पाहिला, तर हा फरक जाणवत नाहीं. मात्र शेवटला डबा लोक पाहतात तो मागूनच! म्हणून इंजिनाच्या बाबतींत जी तडजोड खपते, ती येथें डोळ्यांत भरते. कांहीं हौशी लोक यासाठीं रूळही स्वतः घालतात.

खानदेशांतील हौशी माणसाला एक सोपी वाटही आहे. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी ७६२ मिलिमीटरांच्या मार्गावर धावत असे. ती २०२० सालीं बंद पडली. सत्त्याऐंशीनें भागल्यास हें अंतर ८.८ मिलिमीटर येतें, आणि ९ मिलिमीटरांचे रूळ बाजारांत तयार मिळतात. इतका जुळता हिशेब रुंद मार्गाच्या नशिबीं नाहीं.

आतां कृतीकडे वळूं. तयार डब्याचीं चाकें व खालचा सांगाडा ठेवून वरचा भाग जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचा करावा. सज्जाचे कठडे बारीक पितळी तारेचे करावे. चार चाकांचा रिकामा डबा फार हलका असतो. गाडी मागें ढकलतांना तो वळणावर रुळांवरून उतरतो. म्हणून फरशीखालीं शिशाचा तुकडा चिकटवावा. मागचा दिवा चाकांतून घेतलेल्या विजेवर लावतां येतो. रंग अगदीं नवा ठेवूं नये. गिरणेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीची धूळ खालच्या भागावर बसलेली, ब्रेकजवळ तांबूस गंज आणि धरून चढण्याच्या दांड्यांवर हातांनीं आलेली झिलई, एवढें साधलें तर डबा कामावरचा वाटतो.

अक्षरें लिहितांना साल विसरूं नये. जी. आय. पी. रेल्वेचा मध्य रेल्वेंत समावेश १९५१ सालीं झाला. जुनीं अक्षरें लिहिलेला डबा विजेच्या अर्वाचीन इंजिनामागें लावणें म्हणजे पेशव्यांच्या दरबारांत टेलिफोन ठेवण्यासारखें आहे.

लहान वस्तूंतून मोठें जग उभें करण्याची कला चाळीसगांवाला अपरिचित नाहीं. कलामहर्षि केकी मूस यांनीं स्टेशनाजवळील आपल्या घरीं राहून टेबलावर लहान लहान वस्तूंचे देखावे मांडले आणि त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. पाहणाराला तीं विस्तीर्ण निसर्गदृश्यें वाटतात. १९८९ सालीं ते निवर्तले. त्यांच्या कलाकृति गांवांत जतन केलेल्या आहेत. प्रतिकृति करणारानें त्या अवश्य पाहाव्या. प्रकाश कोठून येतो आणि डोळा किती उंचीवर ठेवावयाचा, हें साधलें कीं आकाराचा लहानपणा आपोआप विसरला जातो. चालत्या गाड्यांचें स्वरूप पाहावयाचें असेल, तर पुण्यास कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं उघडलेलें लहान रेल्वेचें संग्रहालय आहे.

या छंदाला आज एक निकड आली आहे. अमेरिकेंतील कबूस १९८० नंतरच्या दशकांत बहुतांशीं गेला. त्याच्या जागीं शेवटल्या डब्याला लावण्याचें एक यंत्र आलें. आपल्याकडेही तशा यंत्राचे प्रयोग झाले आहेत. २०२२ सालीं गार्ड हें पदनामही बदलून 'ट्रेन मॅनेजर' झालें. यंत्रानें साक्ष दिली, तर वाईट नाहीं. परंतु गार्ड कोठें बसे, दिवा कोठें टांगी, पावसांत सज्जावर काय बांधी, हें यंत्र सांगणार नाहीं. इंजिनें संग्रहालयांत जातात. मालगाडीचे शेवटले डबे बहुधा मोडींत जातात.

यासाठीं, श्रोतेहो, घरांत लहान गाडी असेल, तर पुढचें इंजिन विकत घेण्यापूर्वीं एक वही घ्या. चाळीसगांवास, भुसावळास निवृत्त गार्ड आहेत; त्यांच्यापाशीं बसून विचारा. रीतसर परवानगी मिळेल तेथें उभ्या डब्याचीं मापें व छायाचित्रें घ्या. मग त्या वहीवरून, विकतच्या डब्यावरून नव्हे, आपला डबा करा. तो वेडावांकडा झाला तरी चालेल. मापें खरीं असलीं, म्हणजे मागून येणाऱ्याला तीं पुरतील.