अन्नग्रहणाच्या विकृती : उपासमार, मन आणि मानसोपचार

‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव विल्यम गल या इंग्रज वैद्यांनी १८७४ मध्ये रूढ केले. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ म्हणजे क्षुधानाश. परंतु हे नावच दिशाभूल करणारे आहे. या विकारात क्षुधा सहसा नष्ट होत नाही. रुग्ण तिच्याशी झुंजत असतो. वजन वाढण्याचे भय, स्वतःच्या देहाविषयीची विपर्यस्त जाणीव आणि अन्नाचा निग्रहपूर्वक संकोच ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या बुलिमियात अनावर भक्षण व त्यापाठोपाठ वमन, रेचके वा उपवास असे चक्र चालते. येथे वजन बहुधा सामान्य राहत असल्याने घरच्यांनाही पत्ता लागत नाही.

रुग्णाचा हट्ट, चिडखोरपणा व एकलकोंडेपणा हे विकाराचे मूळ की त्याचे फळ, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यावर अनपेक्षित प्रकाश पडला तो १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगाने. युद्धास नैतिक विरोध असणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहणे पत्करले. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांश घटले. पण वजनापेक्षा मनाचा पालट अधिक बोलका होता. अन्नावाचून दुसरा विचार सुचेना. काहीजण पाककृती जमवू लागले. घासन्‌घास रेंगाळत खाणे सुरू झाले. विनोद, मैत्री व कामेच्छा ओसरली. पुढे अन्न मोकळे झाल्यावर काहींना खाणे आवरेना. हे तरुण मनोरुग्ण नव्हते. म्हणजेच ज्याला आपण रुग्णाचा स्वभाव समजतो, त्याचा बराच भाग निव्वळ उपासमारीची निष्पत्ती असतो.

यावरून उपचाराचा क्रम ठरतो. कृश देहाशी केवळ संवाद करून भागत नाही. पोषण पूर्ववत करणे हा मानसोपचाराचाच पाया होय. मात्र दीर्घ उपासानंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून प्राणावर बेतू शकते. म्हणून हे काम वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. किशोरवयीनांच्या बाबतीत आईवडिलांना दोषी न धरता जेवणाची सूत्रे काही काळ त्यांच्याच हाती देणारी कुटुंबचिकित्सा लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात विकसित झाली. रसेल व सहकाऱ्यांच्या १९८७ च्या अभ्यासात, विकार लहान वयात जडलेल्या व तीन वर्षांहून अधिक न मुरलेल्या रुग्णांना तिचा विशेष लाभ दिसला. विलंबाची किंमत यावरून कळावी. बुलिमियात ख्रिस्तोफर फेअरबर्न यांची बोधात्मक वर्तनचिकित्सा उपयुक्त ठरली आहे. तिचा आरंभ अगदी साधा : खाण्याची नोंद ठेवणे आणि ठराविक वेळी जेवणे, कारण दीर्घ उपासच पुढील अनावर भक्षणाला आमंत्रण देतो.

आपल्याकडे उपवासाला प्रतिष्ठा आहे, आणि ती असण्यात गैर काही नाही. तथापि व्रत ठरल्या तिथीला सुटते, हा विकार सुटत नाही, एवढा भेद अध्यापकांनी व वसतिगृहप्रमुखांनी ध्यानी ठेवावा. अशा विद्यार्थ्याशी त्याच्या वजनाविषयी बोलू नये; झोप, एकाग्रता, एकटेपणा यांविषयी एकांतात विचारावे. मूर्च्छा, छातीत धडधड वा वारंवार वमन असल्यास त्याला प्रथम रुग्णालयात न्यावे. एरवी मनोविकारतज्ज्ञ वा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ गाठावा. जवळपास कोणी नसल्यास २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर प्राथमिक सल्ला मिळू शकतो.