व्होल्टेज पडलं तर उसाचा काटा चुकतो का?

ढोकी असो, रांजणी असो की मुरूम. गाळप सुरू झालं की धाराशिव जिल्ह्यातल्या कारखान्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते आणि प्रत्येकाची नजर काट्याच्या आकड्यांवर खिळते. शेतात व्होल्टेज पडलं की मोटार गुरगुरते, पाणी ओढत नाही. मग काट्यावरचं वजनही घटत असेल का?

काट्याच्या फलाटाखाली पोलादी लोडसेल असतात. ट्रॉली चढली की पोलाद नजरेला न दिसण्याइतकं दबतं आणि त्याला चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा रोध किंचित बदलतो. असे चार रोध चौकोनात जोडले, की बारावीत शिकलेला व्हीटस्टन ब्रिज तयार! सॅम्युअल क्रिस्टी यांनी तो १८३३ मध्ये मांडला. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांच्यामुळे तो नावारूपाला आला.

काटा रिकामा असताना चारही रोध सारखे धरू. ब्रिजला १० व्होल्ट दिले, तर दोन्ही फांद्यांच्या मध्यावर ५-५ व्होल्ट मिळतात, फरक शून्य. ८ व्होल्ट दिले तर ४-४. फरक पुन्हा शून्यच. समतोल ठरतो तो रोधांच्या गुणोत्तरावर. व्होल्टेजमुळे तो ढळत नाही.

पण काटा वजन सांगतो तो समतोल मोडल्यावर, आणि तिथे व्होल्टेज आडवं येतं. पूर्ण क्षमतेच्या भाराला लोडसेलची संवेदनशीलता साधारण २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट असते. म्हणजे निम्म्या क्षमतेच्या भाराला १० व्होल्टवर १० मिलिव्होल्ट मिळतात, ९ व्होल्टवर मात्र ९. नुसते मिलिव्होल्ट मोजले, तर दहा टनांमागे एक टन गायब!

म्हणून वजनाचा आकडा दाखवणारा इंडिकेटर ब्रिजचा पुरवठा स्थिर राखतो. शिवाय चांगला इंडिकेटर त्या पुरवठ्यालाच मोजपट्टी करतो: दहाला दहाने भागा किंवा नवाला नवाने, उत्तर एकच. मग सिग्नल मोठा मिळावा म्हणून व्होल्टेज भरमसाट का वाढवत नाहीत? कारण ते दुप्पट केलं की रोधांतली उष्णता चौपट होते आणि आकडा सरकू लागतो.

तेव्हा वजनाची शंका आली तर लाइटीला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. गाडी चढण्याआधी आकडा शून्य आहे का? फलाटाच्या फटीत माती-पाचट अडकलंय का? आणि वैधमापन विभागाचा पडताळणीचा शिक्का चालू मुदतीतला आहे का?