फोल्डर बाहेरून उघडत नाही?

समजा, देवरूखच्या दवाखान्यातील स्टोरेजवर रुग्णाचे एक्स-रे आहेत. दवाखान्यात ते दिसतात. पुण्याला गेलेल्या डॉक्टरांना मात्र उघडत नाहीत. बहुधा यंत्र बिघडलेले नसते. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता त्या जागेच्या नेटवर्कपुरताच चालतो. शिवाय शेअर्ड फोल्डरसाठी लागणारे ४४५ क्रमांकाचे पोर्ट अनेक इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात. राउटरमधून ते उघडू नये. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ याच वाटेने पसरला आणि ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्याऐवजी व्हीपीएन जोडावे, मग नेहमीच्या पत्त्यानेच फोल्डर उघडावा. तरीही अडल्यास दोन्ही ठिकाणच्या राउटरचे पत्ते एकाच मालिकेतले आहेत का, ते पाहावे. असल्यास एकीकडची मालिका बदलावी.