तेरा शतकं आणि चार वेगवान गोलंदाज

आजचा कुणीही फलंदाज उसळत्या चेंडूवर बाद झाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. “गावस्करने हेल्मेट न घालता रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, मार्शल या चौकडीला तेरा शतकं ठोकली. याला एक तरी जमलं असतं का?” बोलणारा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेला असो की न्यू जर्सीतल्या दिवाणखान्यात, आकडा तेराच आणि नावं हीच चार.

आकडा बरोबर आहे. वेस्ट इंडिजविरुद्ध 27 कसोटींत 2749 धावा, सरासरी 65.45, हेही बरोबर. चुकते ती चौकडी. जुने धावफलक आज फोनवर मिळतात, पण ते उघडून बघायची तसदी कोण घेणार?

पहिली चार शतकं 1971 च्या दौऱ्यातली. चार कसोटींत 774 धावा, शेवटच्या कसोटीत दाढदुखी सोसत 124 आणि 220. पदार्पणाच्या मालिकेतला हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. पण हॉल आणि ग्रिफिथ तोवर निवृत्त झाले होते आणि रॉबर्ट्स-होल्डिंग यायचे होते. समोर होते सोबर्स, होल्डर, शेफर्ड. आणि एका डावात आपले नऊ गडी टिपणारा नोरेगा तर फिरकी गोलंदाज होता.

पुढची दोन 1976 ची, दोन्ही पोर्ट ऑफ स्पेनला. त्यातलं 102 हे 403 धावांच्या ऐतिहासिक पाठलागातलं. त्या सामन्यात होल्डिंग होता, पण त्याच्या जोडीला कर्णधार लॉइडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले होते! आधीच ऑस्ट्रेलियात लिली-थॉमसनकडून मार खाऊन आलेल्या लॉइडचा फिरकीवरचा उरलासुरला विश्वास त्या पराभवाने उडाला. पुढच्याच किंग्स्टन कसोटीत वेगाचा भडिमार झाला आणि भारताचा दुसरा डाव 97 वर संपला, कारण पाच जण फलंदाजीला येण्याच्या स्थितीतच नव्हते. म्हणजे ज्या चौकडीविरुद्ध ते शतक झालं असं आपण सांगत फिरतो, ती जन्माला यायला ते शतकही थोडं कारणीभूत आहे.

मग 1978-79. मायदेशात सहा कसोटी, 732 धावा, चार शतकं. त्या वर्षी लॉइड, रिचर्ड्स, रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, क्रॉफ्ट असे सगळे पॅकरच्या सर्कशीत, म्हणजे त्याच्या बंडखोर खासगी मालिकेत, गेल्यामुळे संघाबाहेर होते. कर्णधार होता कालिचरण. सिल्व्हेस्टर क्लार्क जबर वेगवान होता यात वाद नाही, पण मार्शल त्या मालिकेत नुकता पदार्पण करत होता.

झाली दहा. खऱ्याखुऱ्या चौफेर वेगवान माऱ्यासमोरची शतकं उरतात तीन, सगळी 1983 मधली.

हे सांगितलं की माणसं चिडतात, जणू आपण सुनीलची एक धाव काढून घेतली. उलट आहे. तेराचा जप करणाऱ्यांना त्या तीन शतकांची किंमतच कळलेली नसते. 1983 च्या दौऱ्यात जॉर्जटाउनला नाबाद 147, पण बाकीच्या आठ डावांत मिळून 93. मालिकेची सरासरी 30. त्याच वर्षी वेस्ट इंडिजचा संघ इथे आला तेव्हा कानपूरला मार्शलच्या चेंडूने सुनीलच्या हातातली बॅट उडवली. पुढच्याच कसोटीत दिल्लीला त्याने हूक मारत 94 चेंडूंत शतक केलं, ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी साधणारं. कोलकात्यात तो पहिल्याच चेंडूवर गेला. मद्रासला चौथ्या क्रमांकावर आला, फलक 2 बाद 0 होता, आणि तो नाबाद 236 वर थांबला.

दोन्ही मालिका मिळून सरासरी भरते 41 च्या आसपास. ही कमी वाटत असेल तर मोहिंदर अमरनाथकडे बघा. वेस्ट इंडिजमध्ये 598 धावा कुटून आलेला हा माणूस मायदेशी त्याच गोलंदाजांसमोर सहा डावांत मिळून एक धाव करू शकला. एक! फलंदाज मोजायचा तो असा, त्याच खेळपट्टीवर तोच मारा खेळणाऱ्या सोबत्यांच्या शेजारी उभा करून. चाळीस वर्षांनी जन्मलेल्या पोराला मनातल्या मनात मार्शलसमोर ढकलून काहीच सिद्ध होत नाही.

हेल्मेटचं म्हणाल तर पूर्ण हेल्मेट त्याने घातलं नाही हे खरं, पण कारकिर्दीच्या उत्तरार्धात हॅटखाली डोक्याला संरक्षण देणारी कडक टोपी असायची. तेव्हा एका षटकात किती बाउन्सर टाकायचे याला ठरावीक मर्यादा नव्हती. ती 1991 मध्ये आली. जुन्यांच्या बाजूने बोलायचंच असेल तर हा मुद्दा तेराच्या आकड्यापेक्षा भक्कम आहे.

आता अशाच तुलनांमधले काही किरकोळ गैरसमज.

“गावस्कर म्हणजे 174 चेंडूंत नाबाद 36.” 1975 चा तो डाव भयंकरच होता. पण 1987 च्या विश्वचषकात नागपूरला, अंगात ताप असताना, 85 चेंडूंत शतक करणाराही तोच.

“ब्रॅडमनच्या काळी सगळेच धावा करायचे.” मग 99.94 च्या जवळपास दुसरं कुणी का नाही? त्याच काळातला हॅमंड 58.45 वर थांबला, हेडली 60.83 वर.

“कोहली इंग्लंडमध्ये चालतच नाही.” 2014 मध्ये दहा डावांत 134 धावा; 2018 मध्ये 593, आणि अँडरसनला त्याला एकदाही बाद करता आलं नाही.

“कोहलीने सचिनपेक्षा कितीतरी कमी डावांत 50 एकदिवसीय शतकं केली, विषय संपला.” सचिनचं पहिलं शतक 79 व्या सामन्यात आलं, कारण सुरुवातीची वर्षं तो मधल्या फळीत खेळत होता. शिवाय 2011 च्या ऑक्टोबरपासून दोन्ही टोकांनी नवा चेंडू आला, चेंडू जुना होईना आणि रिव्हर्स स्विंग जवळपास संपला. पण या सवलती कोहलीच्या पिढीतल्या सगळ्यांनाच होत्या आणि पन्नाशी एकट्यानेच गाठली, हेही त्याच दमात सांगायला हवं. जुलै 2025 पासून 34 षटकांनंतर एकाच चेंडूने खेळायचा नियम आला आहे. तेव्हा उद्याच्या पोरांना कोहलीच्या आकड्यांशी तोलताना हा बदल हिशेबात धरा.